घरचे बांबू

२२ डिसेंबर, सोमवार

हार्डवेअरवाल्याने नव्या वर्षाची डायरी आत्ताच देऊन टाकली. खरं तर एक जानेवारीपर्यंत थांबायला हवं. पण मला आज लिहायचं आहे, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर सुरुवात करतेय. शिस्तीच्या माणसांनी खुशाल नाकं मुरडावीत.

आई सात तारखेला गेली. रविवारी पहाटे, झोपेत. शुक्रवारी तेरावा झाला. शनिवारी दादा आणि क्षिप्रावहिनी डोंबिवलीला परत गेले आणि वर्तकनगरच्या या दोन खोल्यांत आता मी आणि भाऊ. भाऊ म्हणजे आमचे वडील. गुडघे गेलेले, कान शाबूत, बोलणं पूर्वीही बेताचंच होतं.

मला काही वाटत नाहीये. हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही डायरी. भेटायला आलेल्या बायका माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मी त्यांच्या साड्यांचा पोत बघत होते. भूक लागते, झोप लागते. मामी सगळ्यांना सांगत होती, "पोर धीराची आहे हो." त्रेचाळिसाव्या वर्षी कुणी पोर म्हटलं तर एरवी मी दोन शब्द सुनावले असते. तेही सुचलं नाही.

उद्यापासून आंबिवलीला जाईन. तिथे माझी शेड आहे. बांबूच्या खुर्च्या, दिवे, टोपल्या, मांडण्या असं काय काय करतो आम्ही. प्लास्टिक नाही, फेविकॉल नाही, खिळा नाही. डिझाइन माझं आणि हात आनंदाचे. आनंदा माझा कारागीर, टिटवाळ्याच्या पलीकडचा. नोकरी सोडून हे सुरू केलं तेव्हा आई म्हणाली होती, "इंटिरियर डिझायनर होतीस ती बरी होतीस, निदान पंख्याखाली बसायचीस."

२३ डिसेंबर, मंगळवार

गेले नाही आंबिवलीला. भाऊंनी जेवायला नको म्हटलं. मग मलाही कंटाळा आला.

त्या दोन बांबूंचं लिहून ठेवते. आई गेली त्या रविवारी आमचा टेम्पो इमारतीखालीच उभा होता. सोमवारी एका गिऱ्हाइकाकडे मांडणी उभी करायची होती, त्याचं सामान भरलेलं. त्यात माणग्याचे दोन लांब बांबू होते. माणगा म्हणजे कोकणातला भरीव बांबू. कल्याणच्या वखारीत तो चांगला मिळायला नशीब लागतं. हे दोन मी स्वतः निवडलेले. बोरॅक्सच्या पाण्यात मुरवून, सावलीत वाळवून तयार केलेले, सरळसोट.

खालच्या मजल्यावरचे सहदेवकाका आले. इमारतीत कुणी गेलं की तिरडी तेच बांधतात. त्यांना हे काम कुणी दिलेलं नाही, पण त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ते सामान आणायला निघाले आणि टेम्पोपाशी थांबले. म्हणाले, "हिरवा बांबू लागतो खरा. पण हे घरचेच आहेत. चालतील." मी मान हलवली असणार. त्यांनी कोयत्याने टोकाला दोरीसाठी खाचा पाडल्या. तेव्हा माझ्या मनात आलं की खाच पाडली, आता याचा मांडणीला उपयोग नाही. आई आत जमिनीवर होती आणि मी बाहेर हा विचार करत होते. हे असंच झालं, म्हणून लिहिलं.

स्मशानात गॅसची दाहिनी आहे. तिथे तिरडी आत घेत नाहीत, बाजूला काढून ठेवतात. मंगळवारी अस्थी आणायला गेलो तेव्हा भिंतीशी असल्या बांबूंचा ढीग होता आणि त्यात आमचे दोन मला लगेच ओळखू आले. बाकीचे हिरवे, आमचे पिवळे. तिथल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "न्या की. आम्ही तरी काय करणार, पेटवूनच देणार." दादा कलश घेऊन गाडीत बसला होता. मी टेम्पो बोलावला आणि ते दोन्ही बांबू आंबिवलीच्या शेडमध्ये पाठवून दिले.

एवढा मुरवलेला माल जाळायचा, हे माझ्या धंद्याच्या तत्त्वातच बसत नाही. यापलीकडे त्यात काही नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

गेले. आनंदाने शेड झाडून ठेवली होती. ते दोन बांबू मात्र दाराबाहेर उन्हात टाकलेले. माणग्याला ऊन लागलं की तडा जातो, हे त्याला मी सांगायला नको.

"आत का नाही ठेवलेस?"

"ताई, ते तिथले हायेत ना?" त्याने बोटाने नुसतंच वर दाखवलं. "तिथं गेलेलं परत आनत नाय कोनी."

मी म्हटलं, धुऊन घेऊ, परत औषधाच्या पाण्यात टाकू. तो म्हणाला, तसं नाही. मी म्हटलं, मग कसं? त्याला सांगता येईना आणि मला तो का अडलाय ते कळेना. शेवटी म्हणाला, "तुम्ही सांगाल ते करीन. फक्त ह्यांना हात लावाया सांगू नका."

वाद घालायचं त्राण नव्हतं. मीच उचलून आत ठेवले. एकटीला उचलायला जड जातील असं वाटलं होतं, पण नाही गेले.

२९ डिसेंबर, सोमवार

त्या बांबूंची खुर्ची करतेय. स्वतः. चार वर्षं हा धंदा करतेय आणि आजवर मी एकही वस्तू अथपासून इतिपर्यंत केलेली नाही, हे गिऱ्हाइकांना माहीत नसलेलंच बरं. कागदावर रेघ मारणं निराळं आणि करवत धरणं निराळं. डाव्या हाताच्या अंगठ्याचं पार वाटोळं झालं आहे.

आनंदा लांबून बघतो. त्याचं टोपल्यांचं काम चालू असतं, मोबाइलवर त्याची गाणी चालू असतात, पण लक्ष इकडेच. आज पाय कापून झाल्यावर तो न राहवून जवळ आला.

"ताई, उंची कमी घेतलीत. अशानं मानसाचे गुडघे छातीला लागतील. आनि रुंदीपन कमी. कोन बसनार यावर?"

माप घेतलं तर खरंच चुकलं होतं. आमची नेहमीची मापं भिंतीवर लिहिलेली आहेत, रोज डोळ्यांसमोर असतात, तरी मी भलतंच माप घेतलं. झोप नीट होत नसावी. पण कापलेला बांबू काही वाढत नाही. म्हटलं, राहू दे.

खुर्चीच्या हातांची गंमत वेगळीच. खाचा असलेली टोकं कापून टाकायची होती. दोनदा करवत लावली, चालेना. पातं बोथट असेल. म्हणून ती टोकं तशीच ठेवली. आता खुर्चीचे दोन्ही हात पुढे-मागे वीत-वीतभर बाहेर आलेत. दिसायला विचित्र दिसतं.

२ जानेवारी, शुक्रवार

नवं वर्ष लागलं. आता तारखेच्या पानावर लिहिता येतं, तेवढंच सुख.

भाऊ पलंगाच्या कडेवर बसून असतात. सकाळी बसवावं तसे संध्याकाळी. टीव्ही लावला तर बघतात, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघतात. अर्धी पोळी खातात. डॉक्टर म्हणाले, या वयात एकदा खाणं तुटलं की परत जोडणं कठीण. मी दर जेवणाला काहीतरी निराळं करून बघते. निराळं म्हणजे काय, तर आमटीऐवजी पिठलं.

दादाचा रोज फोन येतो. "भाऊंना इकडे आणतो. तू दिवसभर आंबिवलीला असतेस, ते एकटे. हे बरोबर आहे का, मैथिली?" बरोबर नाहीच. पण भाऊ तिकडे गेले तर या घरात मी काय करायचं, ते मला माहीत नाही. घाबरून लिहीत नाहीये हे, फक्त माहीत नाही.

सोफ्यासमोरच्या पाटाला आज परत ठेच लागली. आईचे पाय सोफ्यावरून जमिनीला टेकत नसत, म्हणून तिने तिथे पाट ठेवला होता. हाताचा अंगठा आधीच बोथट करवतीने जायबंदी, त्यात आता पायाचा. तो पाट उचलून माळ्यावर टाकायला हवा. रोज ठरवते.

८ जानेवारी, गुरुवार

खुर्ची झाली. बैठक काथ्याने विणली, सांधे बांबूच्याच खुंट्यांनी बसवले. किंचित डावीकडे झुकते. विकायला ठेवली तर आमचीच अब्रू जायची.

शिवाय आनंदाने कालपासून शेडमध्ये पाय ठेवलेला नाही, अंगणात बसून टोपल्या विणतोय. रोज सकाळी तो उदबत्ती लावतो, तीही बाहेरच लावली. मी म्हटलं, "किती दिवस उन्हात बसशील?" तर म्हणाला, "ती खुर्ची हाय तोवर." भांडखोर स्वर नव्हता त्याचा. मला उलट भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं.

मग टेम्पोत घालून खुर्ची घरी आणली. गॅलरीत ठेवायचा विचार होता. दारातून आत घेतली आणि पाणी प्यायला आत गेले. परत आले तर भाऊ तिच्यात बसलेले. पलंगावरून स्वतः उठून, भिंत धरत आलेले. ते उंच आणि खुर्ची ही एवढीशी, त्यामुळे गुडघे वर आलेले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.

"बरी आहे," म्हणाले. "तू केलीस?"

हो म्हटलं. रात्री तिथेच बसून दोन पोळ्या खाल्ल्या. बांबूंचं मी काही बोलले नाही. विचारलं कुठे त्यांनी.

११ जानेवारी, रविवार

निशा आलेली. ठाण्यात तिचं दुकान आहे, सगळं नैसर्गिक, मातीचं, लाकडाचं, गवताचं. आमच्या वस्तू तिच्याकडे असतात. आई गेल्यापासून भेटली नव्हती. दारातच मला मिठी मारली, डोळे पुसले, आणि मग तिची नजर खुर्चीवर गेली. भाऊ नेमके आंघोळीला गेले होते.

"ओह, मैथिली. हे काय आहे? हे लांब हात म्हणजे तुझं स्टेटमेंट आहे ना? एकदम पालखीचा फील आहे." मग वाकून बघत म्हणाली, "पण सीट लो नाहीये का? किड्ससाठी केलीयेस?"

"माप चुकलं."

"चुकलं तर चुकू दे. मला अशा सहा दे ना यार."

तिच्या दुकानात आता प्रत्येक वस्तूला एक कार्ड बांधायचं ठरलंय. वस्तूची गोष्ट. बांबू कुठला, कुठून कुठे आला, कुणी घडवला. लोकांना नुसती खुर्ची नको असते म्हणे, खुर्चीचा प्रवास हवा असतो. तिने मला एक कोरं कार्ड दिलं, यासाठी दोन ओळी लिही म्हणाली. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि लिहिलं, 'हा बांबू घरचा आहे.'

निशाने ते वाचून छातीशी धरलं. "सो इंटिमेट," म्हणाली.

ती गेल्यावर मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं आणि ते चांगलं हसू नव्हतं. सहा खुर्च्यांचं नाही म्हणून कळवलं तिला.

भाऊ आता सकाळी उठले की थेट खुर्चीत. पेपर वाचायला लागलेत. काल मला म्हणाले, आमटीला गूळ कमी पडला. याचा अर्थ त्यांना चव लागतेय.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत होती. आमच्याकडे यंदा काही नाही. तरी संध्याकाळी सहदेवकाका भाऊंजवळ बसायला आले. चहा झाला. दोघं नळाच्या पाण्याबद्दल बोलत होते. बोलता बोलता काकांनी कप ठेवायला हात लांबवला आणि खुर्चीच्या हाताच्या टोकाशी थांबला तो हात. खाचेवर. त्यांनी बोट फिरवून बघितलं. मग दुसऱ्या बाजूची खाच बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

मी कप उचलून आत गेले. बेसिनमध्ये उगाच घासत बसले.

जाताना त्यांनी मला जिन्यात बोलावलं. "ती खाच माझ्या हातची आहे," म्हणाले.

"हो, काका."

"भाऊंना माहीत आहे?"

"नाही."

मला वाटलं आता ओरडतील. सहदेवकाका ओरडणारे आहेत, पार्किंगवरून सगळ्या इमारतीने ऐकलंय त्यांना. पण ते कठड्याला धरून उभे राहिले. "असं का केलंस गं?"

मी सांगितलं, मुरवलेला माल होता, वाया गेला असता. हे वाक्य मी या डायरीत लिहिलं होतं तेव्हा ते मला पटत होतं. काल पटलं नाही. पण त्याच्या जागी दुसरं वाक्य काही सुचेना.

काका म्हणाले, "बसणाऱ्याला माहीत असायला पाहिजे, बाळ. तू सांगतेस की मी सांगू?"

मी म्हटलं, मी सांगते. थोडे दिवस द्या.

१६ जानेवारी, शुक्रवार

नाही सांगितलं. सांगून काय होईल तेही लिहिते, म्हणजे समोर राहील. भाऊ खुर्चीतून उठतील. परत पलंगाच्या कडेवर जाऊन बसतील. खाणं सुटेल. आणि माझ्याकडे बघतील, ते कसं बघतील ते मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. इतके दिवस कशाचं काही वाटत नाही म्हणतेय, पण याची भीती वाटते. सरळ भीती.

न सांगून काय होईल? ते जेवत राहतील, आणि मी त्यांना रोज फसवत राहीन.

१८ जानेवारी, रविवार

दादा आलेला. भाऊ बरे दिसले म्हणून खूश. मग मुद्द्यावर आला. "भाऊ, चला ना डोंबिवलीला. तुमची खोली तयार केलीये आम्ही. क्षिप्रा किती दिवस मागे लागलीये."

मला वाटलं, नेहमीसारखं नको म्हणतील. भाऊ म्हणाले, "येतो. ही खुर्ची घेऊन येतो."

"एवढंच ना? गाडीच्या टपावर बांधून नेतो." दादाने उठून खुर्चीचा हात थोपटला. "कर्तृत्व आहे हां मैथिलीचं. जरा तिरकी आहे, पण तीही तशीच आहे."

लगेच वहिनीला फोन लावला. वहिनीने फोनवरच जागा ठरवली. हॉलमध्ये देवघराशेजारी खिडकी आहे, तिथे सकाळचं ऊन येतं, भाऊंना बरं पडेल. पुढच्या रविवारी न्यायचं ठरलं.

मी कांदेपोहे करत होते. कढईत मोहरी करपली.

आता हे फक्त आमच्या घरापुरतं राहिलं नाही. दादाच्या घरात, वहिनीच्या देवघराशेजारी, त्यांना न सांगता मी तिरडीचे बांबू पाठवणार का? आनंदाचं म्हणणं मला पटलेलं नाही, आजही नाही. बांबू तो बांबू. पण ज्यांना पटतं त्यांच्या घरात ते गुपचूप घुसवायचे, हे मात्र माझ्याच्याने होणार नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

सोमवारी भाऊंचा डोळा लागला होता. मंगळवारी त्यांचे जुने मित्र आले. काल भाऊंनी मला विचारलं, "तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, गॅस संपत आलाय.

आनंदाला आज सगळं सांगितलं. तो टोपलीचा काठ वळत होता, थांबला नाही. म्हणाला, "तुमची आई मला दर खेपेला लाडू देयाची डब्यात. म्हनून मी हात नाय लावला. भुताबितासाठी नाय, ताई. तुम्हाला काय वाटलं?"

मला तेच वाटलं होतं.

२५ जानेवारी, रविवार

दादा सकाळीच आला, दोरी घेऊन. भाऊंची पिशवी भरलेली होती. भाऊ खुर्चीत बसलेले, शर्ट-पँट घालून, अंगावर शाल. दादा म्हणाला, "उठा भाऊ, आधी खुर्ची बांधून घेतो."

मी म्हटलं, "थांब. मला काहीतरी सांगायचंय."

उभ्याउभ्याच सांगितलं. टेम्पोतले बांबू, सहदेवकाकांनी पाडलेल्या खाचा, भिंतीशी पडलेला ढीग, मी परत आणले ते. वाक्यं लहान लहान केली, म्हणजे मध्येच थांबता येणार नाही. सांगून झालं तेव्हा दादाच्या हातातली दोरी खाली पडली होती.

"तू वेडी आहेस का?" दादा म्हणाला. "आईच्या... त्याच्यावर तू भाऊंना बसवलंस? दोन आठवडे? आणि माझ्या घरी पाठवत होतीस?"

"पाठवत नव्हते. म्हणून तर सांगितलं."

"आज सांगितलंस."

त्याचं बरोबर होतं. मी भाऊंकडे बघत नव्हते. खुर्ची कुरकुरली म्हणून बघितलं, तर ते दोन्ही हातांवर भार देऊन उठत होते. दादा धरायला गेला, त्यांनी त्याला बाजूला केलं. उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आता पलंगाकडे जातील.

त्यांनी वाकून खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हा कुठला? डावा की उजवा?"

"तिरडीचा डावा. पलीकडचा उजवा."

"तू कुठे होतीस?"

"पुढे, उजवीकडे. दादा पुढे डावीकडे. मागे सहदेवकाका आणि मामा."

भाऊंनी मान हलवली. बोलायला लागले तेव्हा आवाज रोजचाच होता. "मला तुम्ही गाडीत बसवलंत. गुडघे दुखतील म्हणून. क्षिप्राने पाणी दिलं, कुणीतरी दार लावलं. काच वर होती. तुम्ही तिला उचललीत, ते मी काचेतून बघितलं. एकोणपन्नास वर्षं. मी हातसुद्धा लावला नाही तिला नेताना. कुणी विचारलंच नाही मला."

दादाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. आम्हाला ते आठवत होतं. आम्हाला वाटलं होतं, आपण त्यांना जपतोय.

"धरा," भाऊ म्हणाले.

"काय?"

"खुर्ची. धरा. मागे मी आहे."

"भाऊ, तुमचे गुडघे," दादा म्हणाला.

"असू देत."

आम्ही उचलली. ती लांब राहिलेली टोकं खांद्यांवर बरोबर बसली. पुढे मी उजवीकडे, दादा डावीकडे, त्या दिवशी होतो तसे. मागे एकटे भाऊ, बैठकीखाली खांदा घालून. दारातून निघालो. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. जिन्याच्या वळणावर खुर्ची भिंतीला घासली. आवाज ऐकून सहदेवकाकांनी दार उघडलं. बनियनवर होते, हातात पेपर. एकदा आमच्याकडे बघितलं, पेपर खाली टाकला आणि काही न विचारता मागच्या एका टोकाला खांदा लावला.

भाऊ पायरीपायरीला थांबत होते. कुणी त्यांना घाई केली नाही. खाली फाटकापाशी, जिथे त्या दिवशी भाऊंना बसवलेली गाडी उभी होती तिथे, भाऊ म्हणाले, "टेकवा." टेकवली. वॉचमन स्टुलावरून उठून उभा राहिला. भाऊंनी खुर्चीच्या दोन्ही हातांना हात लावला आणि तो कपाळाला लावला. पुटपुटले काहीतरी, ते मला ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही.

मग म्हणाले, "झालं. आता वर न्या. नेताना खांद्यावर नको, हातात घ्या. खुर्चीसारखी."

डोंबिवलीला जायचं का, असं दादाने विचारलं. भाऊ म्हणाले, नंतर बघू. क्षिप्राला मी स्वतः फोन करून सांगतो, म्हणाले. सहदेवकाका त्यांना धरून फाटकाशीच बसले, वॉचमनच्या स्टुलावर, गुडघे शांत होईपर्यंत.

दादाला मी म्हटलं, खुर्ची मी नेते, एकटी. चौघांच्या खांद्यावर तिचं वजन काहीच नव्हतं. आता हातातही काही नव्हतं. पण चढताना माझा उजवा खांदा दुखायला लागला आणि मला आठवलं की तो तेव्हाही दुखत होता. ती गेली त्या दिवसापासून कितीतरी दिवस मी तो चोळत होते, बाम लावत होते, कशाने आखडला असेल म्हणून. आईने आखडला होता. ती माझ्या खांद्यावर होती. मी तिला नेलं होतं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर मी खुर्ची ठेवली आणि पायरीवर बसून रडले. मोठ्याने, जिना घुमेल एवढं. कुणाचं तरी दार उघडलं आणि हलकेच बंद झालं. मग मी उठून त्या खुर्चीत बसले. माझ्याही मापाची नाही ती. आईचे पाय हिच्यावरून जमिनीला टेकले असते. मला आई हवी आहे.